एका स्थिरचित्राची मालकी : मातीसचे ‘लाल मासे’ आणि सरकारजमा कलासंपत्तीचा प्रश्न

१. विषयप्रवेश

मॉस्को येथील पुश्किन ललितकला संग्रहालयात आन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराचे ‘लाल मासे’ या नावाने ओळखले जाणारे एक तैलचित्र आहे. गोल मेजावर ठेवलेले काचेचे उभट भांडे, त्यातील पाण्यात संथपणे तरंगणारे चार तांबूस-नारिंगी मासे आणि भोवताली पाने व फुले, एवढाच त्याचा विषय आहे. चित्राची उंची पाच फुटांहून थोडी कमी व रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास आहे. पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनो या गावी मातीसचे कार्यगृह होते. तेथे १९१२ साली हे चित्र तयार झाले आणि त्याच वर्षी सर्गेई श्चुकिन या मॉस्कोच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले. १९१८ मध्ये ते सोव्हिएट राज्याच्या मालकीचे झाले व त्या राज्याचा १९९१ मध्ये अंत होईपर्यंत म्हणजे सुमारे ७३ वर्षे त्याच मालकीत राहिले. आज ते रशियाच्या मालकीचे आहे.

कलेच्या इतिहासात या चित्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. चित्राच्या रंगयोजनेचा वा रचनेचा विचार येथे कर्तव्य नसून, ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि प्रत्येक वेळी कोणत्या आधाराने गेले, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे. हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. चित्रकार, व्यापारी, राज्य, संग्रहालय, अशी ही साखळी असून तिच्यातील एकही दुवा गहाळ नाही. तरीदेखील श्चुकिनच्या संग्रहातील चित्रे जेव्हा जेव्हा रशियाबाहेर प्रदर्शनासाठी गेली, तेव्हा त्यांच्या मालकीचा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. दुवे पूर्ण असताना वाद का राहावा, याचे उत्तर शोधताना आपल्याला अनपेक्षितपणे १८१८ च्या पुण्यात आणि १८५६ च्या तंजावरात यावे लागते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने या दूरच्या चित्राकडे लक्ष द्यावे, याचे कारण तेच होय.

२. स्थिरचित्र हा कशाचा पुरावा?

व्यक्तिचित्राच्या मालकीचा शोध घेताना चित्र स्वतःच काही साक्ष देते. कोणाची मुद्रा रेखाटली आहे, पोशाख कोणत्या दरबारचा आहे, कोपऱ्यात कोणते नाव आहे, यांवरून ते कोणत्या घराण्यासाठी काढले गेले याचा तर्क करता येतो. स्थिरचित्राचे तसे नाही. फळे, भांडी, फुले, मासे यांना घराणे नसते. म्हणून अशा चित्राच्या मालकीचा सर्व भार बाहेरच्या पुराव्यावर पडतो. चौकटीमागील चिठ्ठ्या, संग्रहालयाच्या नोंदवहीतील क्रमांक, प्रदर्शनांच्या सूची, खरेदीचा पत्रव्यवहार आणि राज्याची आज्ञापत्रे हीच त्याची साधने असतात.

आपल्याकडील कागदपत्रांच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. शेताच्या तुकड्यावरही धन्याचे नाव कोरलेले नसते. त्याचा इतिहास सनदांतून, महजरांतून, निवाडपत्रांतून आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या भोगवट्यावरून सिद्ध करावा लागतो. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनामांची चौकशी होऊ लागली तेव्हा प्रश्न नेमका हाच होता: भोगवटा आहे, पण तो कोणाच्या देण्याने आहे? देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता काय? ताबा, भोगवटा आणि हक्क या तीन गोष्टी आपल्या जुन्या व्यवहारात वेगळ्या मानल्या जात. चित्रांच्या मालकीचा इतिहास लिहिताना हा भेद कायम ठेवला तर पुष्कळसा गोंधळ टळतो.

३. कापडाचा व्यापारी आणि त्याचा संग्रह

श्चुकिनचे घराणे कापडाच्या व्यापारातील होते. मॉस्कोतील दुसरा मोठा संग्राहक इव्हान मोरोझोव हा तर त्वेर येथील कापड गिरण्यांचा मालक होता. सोलापूरच्या वाचकाला या संपत्तीचे स्वरूप समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या काळात, १८७७ मध्ये, येथे ‘जुनी गिरणी’ सुरू झाली, त्याच काळात रशियातही कापसाच्या धंद्यातून एक नवा धनिकवर्ग उदयाला येत होता. सरदार-जमीनदारांच्या वाड्यांत जुन्या इटालियन व डच चित्रांचा मान होता. या नव्या वर्गाने मात्र आपल्या समकालीन फ्रेंच चित्रकारांकडे लक्ष वळविले.

श्चुकिनने मॉस्कोतील आपल्या वाड्यात मोने, सेझान, गोगँ, मातीस आणि पिकासो यांची चित्रे जमविली. मातीसची पस्तिसांहून अधिक व पिकासोची सुमारे पन्नास चित्रे त्याच्याकडे होती. पॅरिसमध्येही ज्या चित्रांची टवाळी होत असे ती त्याने पूर्ण किंमत देऊन घेतली. ठरलेल्या दिवशी तो आपला वाडा अभ्यागतांसाठी खुला करी, आणि रशियातील तरुण चित्रकारांनी आधुनिक फ्रेंच कला प्रथम पाहिली ती पुष्कळ अंशी याच दालनांतून. १९०७ मध्ये पत्नीच्या निधनानंतर त्याने मृत्युपत्र करून आपला संग्रह मॉस्कोच्या त्रेत्याकोव चित्रशाळेस देण्याचे ठरविले होते.

या मृत्युपत्राचे महत्त्व पुढे येणार आहे. परंतु त्याचा अर्थ येथेच मर्यादित करून ठेवला पाहिजे. मृत्युपत्र म्हणजे दानपत्र नव्हे. मालक जिवंत असेतो ते त्याला फिरविता येते. ‘तो देणारच होता, म्हणून घेतले’ हा युक्तिवाद भावनेला पटण्यासारखा असला तरी कायद्याच्या किंवा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. मृत्युपत्रावरून मालकाचा एका वेळचा हेतू सिद्ध होतो, हक्काचे हस्तांतर सिद्ध होत नाही.

४. १९१८ चे आज्ञापत्र आणि नंतरचा प्रवास

ऑक्टोबर १९१७ च्या क्रांतीनंतर १९१८ च्या उन्हाळ्यात श्चुकिनने मॉस्को सोडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर लेनिनच्या सहीने आज्ञापत्र निघाले व श्चुकिनची चित्रशाळा राज्याची संपत्ती म्हणून जाहीर झाली. संग्रहाचे असाधारण कलामूल्य व लोकशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे सर्व राष्ट्रास असलेले महत्त्व, हे कारण आज्ञापत्रातच नमूद केले होते. डिसेंबर १९१८ मध्ये मोरोझोवच्या संग्रहाविषयी तशीच आज्ञा झाली. दोघांनाही भरपाई मिळाली नाही.

मोरोझोवची हकीकत येथे विशेष बोधप्रद आहे. त्याच्याच वाड्यात, त्याच्याच संग्रहाचा दुय्यम अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. जी चित्रे त्याने वेचून आणली ती तो आता राज्याचा नोकर या नात्याने अभ्यागतांना दाखवू लागला. १९१९ मध्ये तो देशाबाहेर गेला आणि १९२१ मध्ये वारला. या काही महिन्यांत चित्रे आपल्या भिंतीवरून हललीही नव्हती. त्यांच्याजवळ वावरणारा मनुष्यही तोच होता. बदलली होती ती केवळ मालकी. भोगवट्याच्या बाह्य खुणांवरून मालकी ठरविणाऱ्या संशोधकाने हे उदाहरण सदैव ध्यानात ठेवावे.

श्चुकिनचा वाडा नव्या पाश्चात्त्य चित्रकलेचे पहिले संग्रहालय झाला व मोरोझोवचा दुसरे. १९२३ मध्ये दोन्ही मिळून नव्या पाश्चात्त्य कलेचे राज्य संग्रहालय स्थापन झाले आणि १९२८ मध्ये सर्व चित्रे मोरोझोवच्या वाड्यात एकत्र आली. ‘लाल मासे’ या चित्राने आपले मूळ घर सोडले ते या वेळी. महायुद्धाच्या काळात संग्रह मॉस्कोबाहेर हलविण्यात आला. युद्धानंतर तो परत आला खरा, परंतु दालने पूर्ववत् उघडली नाहीत. मार्च १९४८ मध्ये स्तालिनच्या राजवटीने हे संग्रहालयच बंद केले. पाश्चात्त्य चित्रकलेतील रूपवाद लोकांस हानिकारक आहे, असे आता राज्याचे मत झाले होते. संग्रहाची वाटणी मॉस्कोचे पुश्किन संग्रहालय व लेनिनग्राडचे एर्मिताज यांच्यात झाली. मातीसची ‘नृत्य’ व ‘संगीत’ ही विशाल चित्रे लेनिनग्राडला गेली. ‘लाल मासे’ मॉस्कोतच राहिले. पुढची काही वर्षे यांतील पुष्कळ चित्रे प्रेक्षकांच्या दृष्टीस पडली नाहीत. १९५३ मध्ये स्तालिनच्या मृत्यूनंतर ती हळूहळू दालनांत परतली.

या सर्व काळात कायद्याच्या भाषेत मालक एकच होता. मात्र तोच मालक १९१८ मध्ये म्हणत होता की लोकशिक्षणासाठी ही चित्रे लोकांसमोर असली पाहिजेत, आणि १९४८ मध्ये म्हणू लागला की लोकांच्या हितासाठीच ती त्यांच्यासमोर असू नयेत. राज्याने स्वतः सांगितलेल्या कारणाचा कस लावून पाहिला तर ही तीस वर्षे एकसारखी ठरत नाहीत. मालकीच्या इतिहासात केवळ ‘राज्य, १९१८ पासून’ अशी एकच ओळ लिहिली तर हा सारा तपशील त्या ओळीत गडप होतो.

१९९१ नंतर सोव्हिएट राज्याच्या जागी रशियन संघराज्य आले आणि १९९६ च्या संग्रहालय निधीविषयक कायद्याने सरकारी संग्रहालयांतील अशा वस्तूंना संरक्षण मिळाले. तरीही वाटणीची सल राहिलीच. एप्रिल २०१३ मध्ये पुश्किन संग्रहालयाच्या वयोवृद्ध संचालिका इरिना आंतोनोवा यांनी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात राष्ट्राध्यक्षांसमोर मागणी केली की, १९४८ मध्ये मोडलेले संग्रहालय मॉस्कोत पुन्हा उभारावे. एर्मिताजने तीव्र विरोध केला व मागणी मान्य झाली नाही. मालक एक असतानाही ताब्याचा वाद उद्भवू शकतो, तो असा.

५. विक्री आणि न्यायालये

‘लाल मासे’ विकले गेले नाही. त्याच्या सोबतच्या काही चित्रांच्या वाट्याला मात्र ते आले. परकीय चलनाच्या गरजेपोटी सोव्हिएट सरकारने १९३० च्या सुमारास संग्रहालयांतील चित्रे गुप्तपणे विकण्यास प्रारंभ केला. अमेरिकन धनिक अँड्र्यू मेलन याने १९३०–३१ मध्ये एर्मिताजमधून २१ चित्रे घेतली. ती पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात गेली. १९३३ मध्ये मोरोझोवच्या संग्रहातील व्हॅन गॉगचे ‘रात्रीचे कॅफे’ आणि सेझानने काढलेले आपल्या पत्नीचे एक चित्र स्टीफन क्लार्क या अमेरिकन संग्राहकाकडे गेले. अमेरिकेने सोव्हिएट सरकारला मान्यता दिली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. क्लार्कच्या मृत्यूनंतर पहिले चित्र येल विद्यापीठाला व दुसरे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळाले.

अशा संपत्तीविषयी पहिला महत्त्वाचा निवाडा लंडनमध्ये झाला. रशियन राजघराण्यातील ग्रँड ड्यूक पॉल याची विधवा राजकन्या पाले हिच्या वाड्यातील चित्रे व सामान सोव्हिएट सरकारने घेतले आणि पुढे एका व्यापाऱ्याला विकले. तो माल लंडनला पोहोचताच तिने दावा लावला. १९२८–२९ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या सार्वभौम सत्तेने स्वतःच्या हद्दीत केलेले कृत्य इंग्लिश न्यायालय तपासणार नाही, असा त्याचा आशय होता.

श्चुकिनच्या वारसांचे अनुभवही याहून वेगळे नव्हते. १९५४ मध्ये पॅरिस येथे पिकासोच्या चित्रांचे प्रदर्शन भरले असता त्याच्या मुलीने चित्रांवर दावा सांगितला. चित्रे घाईने काढून घेण्यात आली व न्यायालयाने दावा मान्य केला नाही. १९९३ मध्ये मातीसच्या पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी वारसांनी पुन्हा दाद मागितली. तिचाही निकाल विरुद्ध गेला. लगेच १९९४ मध्ये फ्रान्सने कायदा करून परदेशी सरकारी संग्रहांतून उसन्या आणलेल्या कलावस्तूंना जप्तीपासून संरक्षण दिले. अमेरिकेत तसा कायदा १९६५ पासून होता. २००८ च्या आरंभी लंडनच्या रॉयल अकॅडमीत रशियन संग्रहांतील चित्रे येण्यापूर्वी ब्रिटननेही तशीच तरतूद घाईने अमलात आणली. कारण ती नसेल तर चित्रे पाठविणार नाही, असे रशियाने कळविले होते.

मोरोझोवच्या वारसाने मेट्रोपॉलिटन संग्रहालयाविरुद्ध लावलेला दावा २०१२ मध्ये अपिलातही निकालात निघाला. येलविरुद्धचा वाद २०१६ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने संपला. दोन्हीकडे तत्त्व एकच होते: परकीय राज्याचे स्वतःच्या हद्दीतील कृत्य आमच्या न्यायालयाने वैध की अवैध ठरवावयाचे नाही.

या निवाड्यांचा अर्थ काटेकोरपणे समजून घेतला पाहिजे. न्यायालयांनी असे म्हटले नाही की श्चुकिन किंवा मोरोझोव यांच्यावर अन्याय झाला नाही. अन्याय झाला की नाही हे पाहणे आपले काम नव्हे, एवढेच त्यांनी म्हटले. वृत्तपत्रांतून ‘मालकी सिद्ध झाली’ असे जे लिहिले जाते ते या दृष्टीने अपुरे आहे.

६. आपल्या इतिहासातील दोन दावे

हे तत्त्व मराठ्यांच्या इतिहासाला परके नाही. पेशवाईच्या अखेरीस रायगडचा बंदोबस्त नारो गोविंद औटी याच्याकडे होता. बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती आला. त्याच महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. औटी पुढे पुण्यास आला असता इंग्रजांनी त्याला कैद केले, आणि त्याच्या घरातील मोठा खजिना पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याने जप्त केला. खजिना पेशव्याचा आहे, असे इंग्रजांचे म्हणणे होते. तो त्याचा खाजगी आहे, असा दुसरा पक्ष होता. औटीच्या पश्चात त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली आणि ती जिंकली. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. लढाई पुरती शमलेली नसताना शत्रुपक्षाच्या माणसाची केलेली ही जप्ती आहे. दिवाणी न्यायालयास तिच्यावर अधिकार नाही. काही गैर घडले असेल तर सरकारकडेच अर्ज करावा, असा तो निवाडा होता.

दुसरा दावा तंजावरचा. तेथील भोसले घराण्याचा राजा शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारला. कंपनीने राज्य खालसा केले, आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये सैन्याच्या बळावर राजवाडा व त्यातील सर्व चीजवस्तू ताब्यात घेतली. राज्य जाणे ही एक गोष्ट; परंतु राजाचे खाजगी जडजवाहीर आणि जमीनजुमलाही त्याबरोबर गेला. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली व त्यांच्या बाजूने निकाल झाला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तोही फिरविला. हे राज्याचे कृत्य आहे, ते न्याय्य असेल किंवा अन्याय्य असेल, त्याविषयी मत देण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्टपणे नमूद केले. त्यानंतर १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्तेचा मोठा भाग राजाच्या विधवांना परत केला. न्यायालयाने दार बंद केल्यावर सरकारी हुकुमाने ते उघडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आपल्या जप्तीच्या न्याय्यतेविषयी खुद्द सरकारही निःशंक नव्हते, असे अनुमान तिच्यावरून काढता येते.

तंजावरच्याच संपत्तीतील एका भागाचा शेवट निराळा झाला. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय ऑक्टोबर १९१८ मध्ये, राजघराण्यातील वारसांच्या संमतीने, मद्रास सरकारने योजना आखून सार्वजनिक केले. मॉस्कोत श्चुकिनच्या वाड्याविषयी आज्ञापत्र निघाले तोही हाच महिना होता. दोन्हीकडे खाजगी संग्रह लोकांचा झाला. एकीकडे संमतीने, दुसरीकडे संमतीवाचून. आज दोन्हींचा उपयोग लोकांना होतो. तथापि एकाच्या मालकीविषयी न्यायालयात भांडण होत राहिले व दुसऱ्याच्या नाही.

७. साम्य आणि भेद

या उदाहरणांतील साम्यावर अधिक भार टाकणे योग्य होणार नाही. पुणे व तंजावर येथील प्रकरणांत जिंकणाऱ्या सत्तेने पराभूत किंवा अंकित राज्यातील माणसांची संपत्ती घेतली आणि न्यायासनही त्याच सत्तेचे होते. मॉस्कोत राज्याने आपल्याच नागरिकांची संपत्ती घेतली, आणि दाद मागितली गेली ती परक्या देशांच्या न्यायालयांत. पहिल्या प्रकारात न्यायालय स्वतःच्या सरकारच्या कृत्यापुढे थांबते, दुसऱ्यात परकीय सरकारच्या. कायदेपंडित ही दोन तत्त्वे वेगळी मानतात व ते बरोबर आहे.

हेतूंतही भेद आहे. पुण्याच्या खजिन्याविषयी लोकशिक्षणाचा उल्लेख कोणी केला नाही. उलट, श्चुकिनचा संग्रह एकत्र ठेवून, त्याची सूची करून, तो संग्रहालयाच्या रूपाने उघडला गेला. ज्या गिरण्यांच्या व पेढ्यांच्या नफ्यातून ही चित्रे आली त्या नफ्यात मजुरांचे श्रम होते, हा क्रांतिकारकांचा युक्तिवादही एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. गिरणगावातील वाचक तर तो तसा उडविणार नाही. मात्र हा युक्तिवाद मान्य केला तर त्याच न्यायाने १९३३ ची गुप्त विक्री व १९४८ चे कुलूप यांचे समर्थन करता येत नाही. लोकांच्या नावाने घेतलेली वस्तू लोकांना न सांगता विकणे आणि लोकांपासून दडविणे, हे त्या नावाशी विसंगत होते. राज्याने हक्क ज्या कारणावर उभारला, त्या कारणाशी ते किती काळ प्रामाणिक राहिले, हे तपासणे न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे असले तरी इतिहासाच्या कक्षेतील आहे.

२०१६–१७ मध्ये पॅरिसमध्ये श्चुकिनच्या संग्रहातील चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले आणि बारा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. ज्या वारसांनी पूर्वी दावे केले होते त्यांच्यापैकी श्चुकिनच्या नातवाने या वेळी प्रदर्शनास सहकार्य केले. संग्रहाला श्चुकिनचे नाव पुन्हा लावले गेले होते. चित्रे परत मिळाली नाहीत. त्यांचा इतिहास मात्र उघडपणे सांगितला गेला. अशा वादांत वारसांची मागणी सर्वस्वी वस्तूविषयीच असते असे नाही. नावाचा उल्लेख व्हावा, हीदेखील एक मागणी असते.

८. उपसंहार

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांसाठी साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मालकीच्या इतिहासाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी चर्चिला गेला. त्या वस्तूची साखळी ग्रँट डफपासून खाली स्पष्ट आहे: तो साताऱ्यास असताना ती त्याला मिळाली असे पेटीवरील मजकूर सांगतो, व त्याच्या वंशजाकडून ती १९७१ मध्ये संग्रहालयाला लाभली. ग्रँट डफच्या वरचे दुवे मात्र सिद्ध नाहीत, आणि ती छत्रपतींनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. ‘लाल मासे’ या चित्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे साखळी चित्रकाराच्या हातापासून पूर्ण आहे, पण एका दुव्याच्या न्याय्यतेविषयी वाद आहे. अपुरी साखळी व सदोष हस्तांतर हे दोन वेगळे दोष असून ते तपासण्याची साधनेही वेगळी आहेत. पहिल्यासाठी कागद हवेत. दुसऱ्यासाठी कागद असूनही विवेक लागतो.

आपल्या जिल्ह्यातील वाडे, मठ व संस्थानी संग्रह यांतील वस्तूंच्या नोंदी करताना पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यावरून एक साधी शिस्त घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक वस्तूपुढे ‘सध्याचा मालक’ एवढा एकच रकाना न ठेवता, ती कोणाच्या ताब्यात होती, कोणत्या आधाराने होती, आणि हस्तांतर संमतीने झाले, विक्रीने झाले, जप्तीने झाले की नुसत्या हुकुमाने, असे निरनिराळे रकाने ठेवावेत. जप्ती हाही एक दुवाच आहे. तो लपवू नये व त्याला ‘प्राप्त’ अशा गुळमुळीत शब्दाने झाकूही नये. औटीच्या खजिन्याविषयी प्रिव्ही कौन्सिलने आपले काम जेथे संपले म्हणून सांगितले, तेथून पुढचे काम अभ्यासकाचे आहे. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही. घडले ते घडले तसे लिहून ठेवण्याचे कर्तव्य मात्र त्याचे आहे, आणि ते त्याच्याखेरीज दुसरे कोणी पार पाडणार नाही.